ब्लूबर्डच्या पेटीतून चिमण्या कशा हटवल्या: माझा अनुभव

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आमच्या परसात ब्लूबर्ड या इथल्या छोट्या निळ्या पक्ष्यासाठी घरट्याची लाकडी पेटी लावली आणि दोन वर्षं तिच्यात चिमण्याच नांदल्या. एकदा तर ब्लूबर्डची निळी अंडी फोडलेली सापडली. गावी अंगणात चिमण्यांना तांदूळ टाकत वाढलेल्या मला इथे त्यांच्यावरच चिडायची वेळ आली! पण इथे त्या उपऱ्या. १८५०च्या सुमारास मुद्दाम आणून सोडलेल्या.

दीड इंची भोकाने साळुंकीचा भाऊबंद स्टार्लिंग अडला, चिमणी नाही. गवत उपसून काढलं, दोन दिवसांत पुन्हा भरलं.

जमलं ते असं. आधी भोकाखालची दांडी काढली. ब्लूबर्डला ती लागतच नाही. मग हिवाळा संपण्याआधी पेटी घरापासून लांब, मोकळ्या हिरवळीत, लोखंडी खांबावर पाच फुटांवर नेली. पक्ष्यांना टाकायच्या दाण्यातली बाजरी आणि मक्याचा भरडा बंद केला.

मग थांबलो. ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसलं त्याच दिवशी छपरावर आडवी काठी बांधून चकचकीत पट्ट्या सोडल्या, टोकं छपराला जेमतेम टेकतील इतक्या लांब. घाई नको: अंड्याआधी लावल्या तर ब्लूबर्डही बिचकतो, अंडं पडल्यावर मादी सहसा जागा सोडत नाही. पिल्लं उडाल्यावर पट्ट्या लगेच उतरवल्या, नाहीतर चिमण्या सरावतात.

चिकडीसारखा लहान पक्षी हवा असेल तर एवढा खटाटोप नको. २८ मिलिमीटरचं भोक ठेवा, चिमणी शिरतच नाही.