उसाच्या पट्ट्यात ड्रोन उडवताना

लग्नाच्या शूटिंगसाठी नवा ड्रोन घेतलेली कोल्हापुरातली बरीच मुलं माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात: "सिग्नल गेला आणि ड्रोन पळाला." या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता सिग्नल गेला, तर जीपीएसवाला ड्रोन सेटिंगप्रमाणे स्वतःच होम पॉइंटकडे, म्हणजे जिथून उडाला त्या नोंदलेल्या जागेकडे, परत येतो. पळतो तो ड्रोन, ज्याला आपण कुठे आहोत किंवा आपलं तोंड कुठे आहे हेच कळत नाही. आणि ते बिघडतं बहुतेक वेळा टेकऑफच्या आधी.

मागच्या सीझनला एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून एका मुलानं ड्रोन उडवला. पायाखाली स्लॅबची सळई, बाजूला टाकीचा लोखंडी स्टँड. ड्रोन डोक्याच्या वर गेला आणि गोल फिरायला लागला, दर फेरीला गोल मोठा. जवळच्या लोखंडामुळं ड्रोनचा कंपास, म्हणजे दिशा ओळखणारा सेन्सर, फसला होता. वाऱ्यानं ड्रोन सरकला की जीपीएस तसं सांगतं, पण दिशाच चुकीची असल्यानं सावरताना तो भलतीकडे जातो. लगेच उतरवायला लावलं. पलीकडच्या मोकळ्या रानातून तोच ड्रोन जागेवर खिळून राहिला.

म्हणून उडवण्याआधी ॲपच्या नकाशावरचा बाण आणि ड्रोनचं खरं नाक एकाच दिशेला आहे का, ते बघा. होम पॉइंट नोंदल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा, नवरदेव घोड्यावर बसला तरी. मग दोन-तीन मीटरवर अर्धा मिनिट धरून बघा. परतीची उंची, म्हणजे ड्रोन स्वतः परत येताना ज्या उंचीवरून येतो ती, आजूबाजूच्या टॉवर, हाय टेन्शन लाइन आणि कारखान्याच्या चिमणीपेक्षा जास्त ठेवा. ही उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते. डोंगराकडेला हे विसरू नका.

व्हिडिओ गेला म्हणजे कंट्रोल गेला असं नाही. कित्येकदा फोनचं ॲपच अडकलेलं असतं. घाबरून स्टिक ओढू नका. अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखू नका, तिची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. उभ्या उसात शिरून उडवत असाल तर बांधावर या, ओला पाला २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातो. राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत वायफायची गर्दी असते. तिथं ड्रोन समोर दिसत असेल तर ५.८ गिगाहर्ट्झवर बदलून बघा.

परतताना समोरून वारा असेल आणि अंतर कमी होत नसेल, तर रिटर्न रद्द करा, अडथळे बघून उंची कमी करा आणि स्पोर्ट मोडवर आणा. स्पोर्टमध्ये अडथळ्याचे सेन्सर बहुधा बंद असतात, तेव्हा नजर ड्रोनवरच. उजळाईवाडी विमानतळाच्या बाजूला डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवूच नका.

उसात पडलाच, तर रिमोट बंद करू नका. ॲपमधलं शेवटचं लोकेशन घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि सरीसरीनं आत जा. बॅटरी जिवंत असेल तर फाइंड माय ड्रोनमधून लाइट आणि बीप चालू करा. गच्च उसात लाइट दिसत नाही, आवाजावरच सापडतो.