खासदाराचं संसदेतलं काम मोजताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की आमच्या इंदुरात एक तक्ता मोबाइलवर फिरायला लागतो. खासदाराची हजेरी किती, प्रश्न किती, भाषणं किती, खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेली) किती. सुदामा नगरात संध्याकाळी आम्ही चार जण बसतो, तिथं मागच्या वेळी तो निघाला. एका तरुणानं 2014 ते 2019 च्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "काका, पाच वर्षांत एकही प्रश्न नाही? मग ताईंनी केलं काय?"

ताई म्हणजे सुमित्रा महाजन. चिपळूणच्या लेक, इंदूरच्या सून, आणि 1989 पासून सलग आठ वेळा इथून निवडून आलेल्या. त्या पाच वर्षांत त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाही आणि चर्चेत भागही घेत नाही. इतरांना बोलायची संधी देणं आणि सभागृह चालवणं हेच त्याचं काम. तरुणाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याच्या आधी तोच तक्ता पुढं पाठवणाऱ्या कित्येक जाणत्या माणसांनाही ते सुचलं नव्हतं.

रिकामा रकाना दिसला की आधी पद बघा

मंत्र्यांचंही तेच. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. ताई 1999 ते 2004 या काळात केंद्रात राज्यमंत्री होत्या, तेव्हा त्यांच्या नावानं प्रश्न शोधून काही हाती लागणार नाही. हजेरीचा रकाना तर मंत्र्यांसाठी आणि विरोधी पक्षनेत्यासाठी लागूच होत नाही, कारण त्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही. ज्यांना करावी लागते, त्यांच्या बाबतीतही सही म्हणजे दिवसभर बाकावर बसणं नव्हे. हजेरीकडे मी एक नजर टाकतो आणि पुढं जातो. तक्ता खरोखर उपयोगी पडतो तो मागच्या बाकावरच्या खासदारासाठी, ज्याच्याकडे मंत्रिपद नाही, पक्षात मोठं वजन नाही, आणि प्रश्न हेच ज्याचं मुख्य हत्यार आहे.

प्रश्नांचा आकडा धरून बसू नका

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत हे आकडे 15 आणि 160 आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. तारांकित यादीतले सगळे 20 प्रश्नोत्तरांच्या तासाभरात सहसा होत नाहीत. मोजकेच होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी स्वरूपात पटलावर येतात. तुमच्या खासदाराचा तारांकित प्रश्न अठराव्या क्रमांकावर असेल, तर त्या दिवशी त्याचा आवाज ऐकू आला नाही यात त्याचा दोष नाही.

शिवाय कुणाचा प्रश्न यादीत लागणार हे सोडतीनं ठरतं. एकाच विषयावर अनेकांनी प्रश्नाच्या सूचना (म्हणजे नोटिसा) दिल्या तर एका प्रश्नाखाली अनेक नावं जोडली जातात, आणि तो प्रत्येकाच्या खात्यात मोजला जातो. म्हणून एखाद्याचे चारशे आणि दुसऱ्याचे दीडशे, एवढ्यावरून निकाल देऊ नका. दीडशेवाल्याची यादी उघडा. त्यात एकाच रेल्वेमार्गावर वर्षानुवर्षं केलेला पाठलाग दिसतो की दर आठवड्याला नवा विषय, हे बघायला पंधरा मिनिटं पुरतात. संसद डॉट इन या संकेतस्थळावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळतात, बहुतेक वेळा हिंदी प्रतही असते. आपल्याला इंदुरात हिंदी वाचायला काय अडचण!

भाषणांच्या आकड्यालाही असंच उघडून बघा. शून्य प्रहरात मिनिटभर मांडलेला मुद्दा आणि नियम 377 खाली (एखादा विषय सभागृहाच्या नजरेस आणून द्यायचा नियम) पटलावर ठेवलेला कागद, हे दोन्ही त्याच रकान्यात जातात. अर्थसंकल्पावरचं वीस मिनिटांचं भाषणही तिथंच. आणि मोठ्या चर्चेत कोण बोलणार हे पक्ष ठरवतो, वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. खासगी विधेयकांचा रकाना वाचताना एवढं ध्यानात असू द्या की असं विधेयक शेवटचं कायदा झालं ते 1970 मध्ये. तरीही ते मांडणं फुकट नसतं, त्यातून खासदाराला कशाची तळमळ आहे ते कळतं.

उत्तर न वाचता प्रश्नाचं कौतुक करू नका

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. प्रश्न विचारला म्हणून पेपरात बातमी येते, आपण आनंदतो, आणि उत्तर कुणीच वाचत नाही.

आपला इंदूर-मनमाड मार्गच घ्या. महाराष्ट्राशी नातं असलेल्या इथल्या प्रत्येक घराला तो हवा होता. अखेर 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 309 किलोमीटरचा, 18,036 कोटी रुपयांचा, 30 नवी स्थानकं असलेला हा मार्ग मंजूर केला. पूर्ण करायचं वर्ष ठेवलंय 2028-29. आता मंजुरी मिळाली म्हणून प्रश्न थांबले, तर तो मोठाच घात होईल. खरी परीक्षा आता आहे.

पण प्रश्न कसा विचारायचा? 'मध्य प्रदेशात रेल्वेची किती कामं सुरू आहेत' असं विचारलं, की रेल्वे मंत्रालयाचं ठरलेलं वाक्य येतं. प्रकल्प राज्यनिहाय नव्हे तर विभागीय रेल्वेनिहाय मंजूर होतात, कारण ते राज्यांच्या सीमा ओलांडतात. ते खरंही आहे. इंदूर पश्चिम रेल्वेत, मनमाड मध्य रेल्वेत. म्हणून राज्याचं नाव घेऊन नव्हे, प्रकल्पाचं नाव घेऊन विचारायचं.

उत्तराच्या सुरुवातीला '(क) से (ङ)' असं एकत्र लिहिलेलं दिसलं, की पेन्सिल हातात घ्या. पाच उपप्रश्नांना एकच परिच्छेद दिलेला असतो. प्रत्येक उपप्रश्नासमोर उत्तरातली ओळ शोधा. ज्याला ओळ सापडत नाही, तोच पुढच्या अधिवेशनात एकटा विचारायचा.

आणि उत्तरात 'जानकारी एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी' असं आलं, तर निराश होऊ नका. असं वाक्य आश्वासन मानलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची 15 सदस्यांची शासकीय आश्वासनविषयक समिती आहे. तारीख वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी खासदाराच्या कार्यालयात तो प्रश्न क्रमांक घेऊन जा, नुसती तक्रार घेऊन नव्हे.

चुकीच्या दारात उभं राहू नका

गल्लीतला खड्डा, नळाचं पाणी, नगर निगमचा कर हे लोकसभेत चालत नाही. जे मुख्यतः केंद्राच्या अखत्यारीत नाही, तो प्रश्न स्वीकारलाच जात नाही. त्यासाठी भोपाळची विधानसभा आणि आपला आमदार. खासदारानं आमचा खड्डा संसदेत नेला नाही म्हणून चिडणारे मी दर वर्षी बघतो.

मात्र एक वाट असते. इंदुरातली कान्ह नदी स्वच्छ ठेवणं हे इथलं काम, पण त्यासाठी केंद्राच्या योजनेतून किती रक्कम मंजूर झाली आणि त्यातली किती खर्च झाली, हे दिल्लीत विचारता येतं. पैशाचा धागा दिल्लीपर्यंत जातो का, हे आधी शोधायचं.

समितीतलं काम विसरू नका

याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण उत्तम काम बऱ्याचदा इथंच होतं आणि तक्त्यात त्याला रकानाच नसतो. विभागांशी संबंधित 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री त्यांत नसतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कॅमेरा नाही, घोषणा नाहीत, आणि पक्षभेद बाजूला ठेवून सचिवांना खोदून विचारता येतं.

पुन्हा ताईंचंच उदाहरण देतो. 2011 चं भूसंपादन विधेयक ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं, तेव्हा अध्यक्षस्थानी सुमित्रा महाजन होत्या. मे 2012 मध्ये आलेल्या अहवालात समितीनं सांगितलं की सरकारनं खासगी कंपन्यांसाठी जमीन संपादित करू नये. विधेयक आणलं होतं विरुद्ध बाजूच्या सरकारनं. ती शिफारस 2013 च्या कायद्यात जशीच्या तशी आली नाही, पण शेतकऱ्याची बाजू एवढ्या स्पष्ट शब्दांत संसदेच्या कागदावर नोंदली गेली. चार रकान्यांच्या तक्त्यात हे कुठं सापडेल?

बैठकीत कोण काय बोललं ते बाहेर येत नाही. पण अहवालाच्या शेवटी बैठकांचे इतिवृत्त जोडलेले असतात आणि त्यांत हजर सदस्यांची नावं असतात. तुमचा खासदार दहापैकी किती बैठकांना होता, हे तिथं मोजा. कुणाचं मत वेगळं असेल तर असहमतीची टिपणीही तिथंच असते. आणि सरकारनं शिफारशींचं पुढं काय केलं, त्याचा वेगळा कार्यवाही अहवाल निघतो. तो वाचणारा माणूस मला आजवर विरळाच भेटला.

खासदाराकडे कागद देताना

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावणं म्हणजे निम्मं अधिवेशन घालवणं. प्रत्येक मंत्रालयाचा वारही ठरलेला असतो. मजकूर 150 शब्दांच्या आत हवा. त्यात आरोप नको, टोमणा नको, तर्कवितर्क नको, न्यायालयात असलेला विषय नको. तक्रार कितीही खरी असली तरी रागानं लिहिलेला प्रश्न नियमातच अडकतो. सूचना खासदारानं स्वतः द्यायची असते. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदारांची सदस्यत्वं गेली होती, तेव्हा कुणी 'एवढे द्या, प्रश्न लावतो' म्हणालं तर तिथूनच उठा.

आमच्या बैठकीनं पहिला कागद लिहिला होता तो असा: 'इंदूर-मनमाडला एवढा उशीर का?' तो तरुण आता आमच्यात रोज बसतो. त्यानंच तो नव्यानं लिहून आणला. (क) इंदूर-मनमाड नव्या मार्गासाठी मार्गावरच्या सहा जिल्ह्यांत आजपर्यंत किती हेक्टर जमीन संपादित झाली, जिल्हानिहाय. (ख) मंजुरीपासून दरवर्षी किती तरतूद झाली आणि किती खर्च झाली. (ग) कोणत्या टप्प्यांच्या निविदा निघाल्या, तारखांसह. (घ) 2028-29 ची मुदत कायम आहे का, नसल्यास कारणं काय.

कागद पुढच्या अधिवेशनाच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात द्यायचं ठरलंय. पोच मागून घ्यायची, हेही.