गोठ्याला खांब लाकडी की लोखंडी? आधी बूड तपासा

कोकणात गोठा बांधायचा म्हटलं की चर्चा पत्र्यापासून सुरू होते. माझं सांगणं, आधी खांबाच्या बुडाकडे बघा, कारण गोठा तिथूनच जातो.

खिशात पेचकस घ्या आणि गावातले दोन-चार जुने गोठे फिरून या. लाकडी खांबाला जमिनीलगत टोचा. वर टणक वाटणारा खांब तिथे भुसभुशीत लागला, तर ओल आणि वाळवीने त्याला आतून खाल्लंय. लोखंडी पाइपाचंही बूड बघा. रंगाचे पोपडे निघालेले असतात, कधी भोकच पडलेलं असतं. गोमूत्र आणि शेणाचं पाणी लोखंडाला फार लवकर खातं. म्हणून खांब कशाचाही असो, जमिनीत पुरू नका. दीड फूट उंच काँक्रीटचा ठोकळा करून त्यावर बोल्टने बसवा.

मग रुंदी मोजा. तीन-चार जनावरं आणि १२-१५ फूट रुंदी असेल तर लाकूड पुरतं. २५ फुटांत मध्ये खांब नको असेल, ट्रॅक्टर आत न्यायचा असेल, तर सरळ लोखंड घ्या.

लाकूड ठरलं तर ते येणार कुठून? साग, ऐन, किंजळ, फणस स्वतःच्या जमिनीतला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते. मला विचाराल तर पाडलेल्या जुन्या घराचे ऐनाचे वासे शोधा. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड पिळत नाही.

लोखंड किलोवर मिळतं, तेव्हा काट्यावर लक्ष ठेवा. २ बाय २ इंची, २ मिमी जाडीचा ६ मीटर चौकोनी पाइप साडेसतरा-अठरा किलो भरतो. चौदाच भरला तर जाडी १.६ मिमी आहे. पाइप जस्त चढवलेला असेल तर वेल्डिंगने तो जस्ताचा थर जळतो, तिथे घासून जस्तयुक्त प्राइमर लावा. पाइपाची वरची तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पाणी आत साचून गंज आतून धरतो.

शेवटी वारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा घरोघरचे पत्रे उडाले. वारा छप्पर खालून उचलतो. पत्रा खिळ्यांवर सोडू नका, वॉशरचे स्क्रू किंवा हूक-बोल्ट वापरा. वासा खांबाला लोखंडी पट्टीने आवळा आणि पट्टीचे नट दर मे महिन्यात पान्याने तपासा.