पिकअप जॅकवर घेताना
मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारातले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात हमखास खचतात. त्यामुळे जॅकखाली जाड प्लायवूडचा तुकडा हवाच. आधी माल उतरवा, गिअर टाका, चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मागचं चाक उचलताना हँडब्रेकवर विसंबू नका. तो बहुतेक पिकअपमध्ये मागच्याच चाकांना लागतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडी उचलली की अ‍ॅक्सलखाली वजन पेलणारा जॅक स्टँड ठेवा, भार त्यावर उतरवा आणि गाडी हलवून बघा. विटा रचणारे बहाद्दर खूप. पण वीट न सांगता फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, पाना आत पडला तरी.