मुलांचे डिजिटल पोर्टफोलिओ ठेवून मूल्यमापन कसे करावे?

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय ही आकारिकची, म्हणजे शिकता शिकताच होणाऱ्या मूल्यमापनाची, साधने शिक्षकांना तोंडपाठ असतात. पण सत्र संपत आले की ‘वाचन समाधानकारक’ हीच नोंद वर्गभर फिरते, कारण मुलाने जुलैत काय केले ते कुणाला आठवणार? त्यासाठी पुरावा हाताशी हवा, आणि तो डिजिटल पोर्टफोलिओत, म्हणजे मुलाच्या कामाच्या निवडक नमुन्यांच्या डिजिटल संग्रहात मिळतो.

सुरुवात एकाच विषयापासून करा. पालकसभेत लेखी संमती घ्या. मग शाळेच्या गुगल ड्राइव्हवर हजेरी क्रमांकानुसार प्रत्येक मुलाचे फोल्डर उघडा. साध्या मोफत खात्यात जागा १५ जीबीच मिळते, म्हणून व्हिडिओ मोजकेच ठेवून फोटो आणि आवाजावर भर द्या. मुलांचे काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू नका. तिथे लगेच तुलना सुरू होते.

खरी कसोटी निवडीची. सगळे साठवले तर कुणीच पाहत नाही. महिन्याला मुलामागे दोन नमुने पुरेत, आणि त्यांत एक काम ठरावीक काळाने पुन्हा करून घ्यायचेच. समजा, तिसरीतल्या मुलीचे वाचन जुलैत रेकॉर्ड केले. ती ‘सूर्य’ला ‘सूय’ म्हणते, पूर्णविराम ओलांडून पुढे जाते. तोच उतारा नोव्हेंबरात वाचून घ्या. रफार जमला पण विराम अजून निसटतात, हे दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले की कळते. फाइलच्या नावात तारीख हवीच.

नमुन्यासोबत दोन ओळी लिहा: काय जमले, पुढे काय करून घ्यायचे. ‘छान’, ‘उत्तम’ हे शेरे टाळा. थर्माकोलचे चकचकीत प्रकल्पही मला मूल्यमापनासाठी निरुपयोगी वाटतात, कारण ते बरेचदा घरच्यांनीच केलेले असतात. वर्गात, तुमच्यासमोर झालेले खाडाखोडीचे पान त्याहून कितीतरी जास्त सांगते.

दर सत्रात एक नमुना मुलाला निवडू द्या. “हाच का घेतलास?” असे विचारून त्याचे उत्तर रेकॉर्ड करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनही अपेक्षित आहे, आणि ते असेच साधते.

वर्णनात्मक नोंदी करायला बसाल तेव्हा आधी फोल्डर उघडा, मग पेन घ्या. वर्षअखेरीस तीन-चार बोलके नमुने पुढच्या वर्गशिक्षकांकडे सोपवा आणि बाकीचे पालकांना देऊन पुसून टाका.