जुन्या घराचं छत कोसळलं तर विमा मिळतो का?

घराच्या विम्यात ‘छत कोसळणं’ असा वेगळा धोका लिहिलेला नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची पॉलिसी देतात. तिच्यात ठरावीक घटनांची यादी आहे: आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, दरड, बाहेरची वस्तू आदळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वा भरून वाहणं. यांपैकी एखाद्या घटनेमुळे छत पडलं तरच भरपाई मिळते. नुसतं वय झालं म्हणून पडलं, तर मिळत नाही. म्हणजे सगळा दावा ‘कशामुळे पडलं’ या एका प्रश्नावर उभा असतो, आणि त्याचं उत्तर देणारा पुरावा पहिल्या दिवशीच गोळा करावा लागतो.

आरसीसी स्लॅबचे पोपडे पडण्यामागे बहुधा गंजलेली सळई असते. स्लॅबमध्ये सळईखाली काँक्रीटचं आवरण जेमतेम १५ ते २० मिलिमीटर असतं. वर्षानुवर्षं ओल मुरली किंवा किनाऱ्यावरची खारी हवा लागली, की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेगा पडतात, मग गिलावा पोकळ वाजू लागतो, मग एके दिवशी तुकडा खाली येतो. हे झिजेचं नुकसान. यासाठी दावा लावला तर तो नाकारला जाणार, हे धरून चाला. वरच्या घरातल्या न्हाणीघरातून दोन-तीन वर्षं पाणी झिरपत असेल, तरी तेच. झिरपणं म्हणजे पाइप फुटणं नव्हे.

पण गच्चीवरची टाकी फुटून पाणी साचलं आणि त्या भाराने स्लॅब खाली आला, तर ती यादीतली घटना आहे. वादळात झाड पडून कौलं आणि वासे मोडले, किंवा पत्रे उडून आत पाणी शिरलं आणि पीओपीचं छत पडलं, तरी दावा बसतो. नुसत्या पावसाने जुन्या भेगेतून ओल आली, तर बसत नाही. वाड्यातल्या माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेल्या सपाट छताचं, प्रकरण सर्वांत अवघड. भिजलेली माती जड होते आणि कुजलेली तुळई तो भार पेलत नाही. अशा वेळी वादळाची तारीख आणि तुळईची आधीची स्थिती, दोन्ही कागदावर असावं लागतं. वरच्या मजल्यावर भिंत तोडताना खालचं छत पडलं असेल, तर नुकसानीची मागणी वरच्या घराचा मालक आणि त्याचा कंत्राटदार यांच्याकडे करा.

छत पडल्यावर आधी वीज आणि पाणी बंद करा आणि त्या खोलीत कुणाला जाऊ देऊ नका. एक तुकडा पडला की शेजारचाही सैल झालेला असतो. दारातूनच व्हिडिओ घ्या. इंजिनिअरने आत जाणं सुरक्षित आहे असं सांगितल्यावर जवळून फोटो काढा: उघडी सळई, गंज, ओलीचा डाग, पडलेल्या तुकड्याशेजारी मोजपट्टी. फुटलेला पाइप किंवा टाकीचा तुकडा फेकू नका, तोच तुमचा साक्षीदार आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत मलबा तसाच ठेवा. मात्र नुकसान वाढू नये म्हणून टेकू देणं, ताडपत्री घालणं हे करायलाच हवं; त्याची बिलं जपा.

कागदांत सर्वांत मोलाचं असतं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. ‘छत खराब झालं आहे’ एवढं लिहून घेऊन काही उपयोग नाही. कोणत्या घटनेमुळे, कोणत्या भागात, किती चौरस मीटर पडलं, हे त्यात हवं. जोडीला प्लंबरचा अहवाल, अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा दाखला, आणि वादळ असेल तर हवामान खात्याची जवळच्या केंद्राची नोंद. दुरुस्तीचा अंदाज ‘एकूण इतके रुपये’ असा नको. सैल काँक्रीट काढणं, सळई साफ करणं, पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला), गिलावा, रंग असं एकेक काम आणि त्याचं माप वेगळं लिहून घ्या. दावा मंजूर झाल्यास मलबा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, त्यामुळे त्याही पावत्या घ्या.

फ्लॅट असेल तर सोसायटीने इमारतीचा वेगळा विमा काढला आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. विमा नसला तरी सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (कारभाराच्या नमुना नियमांनुसार) गच्चीतून आलेल्या पावसाच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत खराब झालं, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूंनी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जावं.

नवी पॉलिसी घेताना विमा रक्कम बाजारभावावर काढू नका. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढंच. ५० चौरस मीटर आणि चौरस मीटरला समजा २५,००० रुपये, तर १२.५ लाख, घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे २.५ लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. बांधकामाचं वर्ष आणि छताचा प्रकार खरा लिहा. लाकडी फळ्यांचं छत कच्च्या बांधकामात मोडतं. ते लपवलं तर पुढे खरा दावाही अडतो. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सोसायटीने १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. त्याची प्रत घरी ठेवा. छत आधी धड होतं, हे दाखवायला याहून चांगला कागद नाही.

दावा नाकारला तर नकार लेखी मागा, कलमासह. पत्रात नुसतं ‘झीज’ लिहिलं असेल आणि तुमच्याकडे फुटलेल्या टाकीचा पुरावा असेल, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे, दोन्ही ठिकाणी लोकपालांचं कार्यालय आहे.