सोलर पॅनेलला ऑप्टिमायझर जोडताना: इन्व्हर्टर सुरू करण्याआधी व्होल्ट मोजा

‘ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलखाली बसवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा) लावा, वीज वाढेल’ हा सल्ला अर्धवट आहे. दिवसभर लख्ख ऊन आणि सगळी पॅनेलं एकाच दिशेला असतील, तर हा खर्च करू नका. झाडाची सावली काही पॅनेलांवर फिरत असेल किंवा पॅनेलांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतील, तर मात्र तो लावाच.

स्ट्रिंगमधली, म्हणजे एका माळेतली पॅनेलं एकापाठोपाठ जोडलेली, म्हणून सगळ्यांतून करंट एकच. सावलीतलं पॅनेल एकतर बाकीच्यांना मागे खेचतं, नाहीतर बायपास डायोडमुळे (हा करंटला सावलीतला भाग वगळून पुढे जाऊ देतो) त्याची उरलीसुरली वीजही वाया जाते. ऑप्टिमायझर प्रत्येक पॅनेलकडून त्या क्षणी मिळेल तेवढी वीज घेतो आणि तिचं व्होल्टेज बदलून पुढे देतो. समजा 400 वॉटची 10 पॅनेलं आहेत आणि इन्व्हर्टर (पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) स्ट्रिंग 400 व्होल्टवर धरतो. करंट 10 अँपिअर, प्रत्येकाचे 40 व्होल्ट. एक पॅनेल 100 वॉटवर आलं, तर करंट 9.25 होतो. ते पॅनेल सुमारे 11 व्होल्ट देतं, बाकीची 43. गेलं ते त्या एकाचंच.

ऑप्टिमायझर पॅनेलखाली रेलला घट्ट बसवा. कोणता क्रमांक कुठल्या पॅनेलखाली, ते लगेच नकाशावर लिहा. आधी पॅनेलच्या तारा इनपुटला, मग आउटपुट शेजारच्या ऑप्टिमायझरला. सोडवताना उलट क्रम.

आता खरी मेख. सोलरएजचे ऑप्टिमायझर इन्व्हर्टर बंद असताना प्रत्येकी फक्त 1 व्होल्ट देतात. दुसऱ्या कंपनीचे असतील तर हा आकडा माहितीपत्रकात बघा. स्ट्रिंगमध्ये 12 पॅनेलं असतील तर उन्हात तिच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटरवर साधारण 12 व्होल्ट दिसलेच पाहिजेत. एकदा मला 11 दिसले. ‘मीटरची चूक असेल’ म्हणून मी पुढे गेलो. महिन्याभराने मधल्या रांगेतली पॅनेलं उचलावी लागली, कारण एका पॅनेलची तार इनपुटमध्ये नीट बसलेलीच नव्हती. तेव्हापासून दर तीन-चार पॅनेलांनंतर मोजतो, म्हणजे चूक हाताशी असतानाच सापडते. आकडा उणे आला तर आधी मीटरच्या तारा तपासा, मग स्ट्रिंगची टोकं. 40-50 व्होल्ट जास्त दिसले, तर एखादं पॅनेल ऑप्टिमायझरला वगळून थेट स्ट्रिंगमध्ये गेलेलं असतं. तिथेच थांबा.

कनेक्टर एकाच कंपनीचे वापरा. वेगवेगळे कनेक्टर नुसते बसतात, पण पुढे तापून जळतात. इन्व्हर्टर चालू असताना एकही कनेक्टर ओढू नका, डीसीची ठिणगी सहज विझत नाही. शेवटची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि मोजलेले व्होल्ट त्याच्यासमोर नकाशाच्या कागदावर लिहून ठेवा.